नडगीवरचा चट्टा

डाव्या नडगीवर, घोट्याच्या वर चार बोटं, मला एक चट्टा होता. सुरुवातीला मसुराएवढ्या तीन-चार जांभळट पुटकुळ्या आल्या, मग त्या एकमेकींना मिळाल्या आणि दोन-तीन वर्षांत तिथं तळहाताच्या निम्म्याएवढी जाड, काळपट, झाडाच्या सालीसारखी खरखरीत कातडी तयार झाली. खाज इतकी की रात्री झोपेतून उठून मी अंथरुणावर खाजवत बसायची. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. ही २०११ सालची गोष्ट. मी तेव्हा सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. नडगी साडीखाली झाकलेली. कुणाला दिसत नव्हती, म्हणून मीही तिच्याकडं आठ वर्षं नीट पाहिलं नाही.

त्यानंतर मला दोन आजार निघाले. आधी हिपॅटायटिस सी, ज्याला आमच्याकडं सगळे 'कावीळ सी' म्हणतात, आणि नंतर त्याच चट्ट्यात कातडीचा कॅन्सर. ज्याला ज्याला हे कळतं तो मला एकच विचारतो: बाई, काविळीमुळं कॅन्सर झाला का? या प्रश्नाचं उत्तर 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. ते समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले.

पहिली आठ वर्षं क्रीममध्ये गेली. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या 'नायटा आहे' म्हणून ट्यूब लिहून दिली. ती लावली की आठ दिवस खाज थांबायची, सोडली की दुप्पट व्हायची. मग चिठ्ठीही लागेना. मेडिकलवाला मला लांबून बघूनच तीच ट्यूब काढून ठेवायचा. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि कडक स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं, हे मला फार उशिरा कळलं. दरम्यान मनगटांच्या आतल्या बाजूला तसेच चपटे, चकाकणारे, जांभळे ठिपके आले. ठेचा सोडाच, साधी फोडणीची आमटीसुद्धा तोंडाला झोंबू लागली. दातांच्या डॉक्टरांनी गालाच्या आत बघून विचारलं, "मिश्री लावता का?" मी आयुष्यात मिश्रीला हात लावलेला नाही. गालाच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी दिसत होती, विणलेल्या लेससारखी.

पायाची खाज, मनगटावरचे ठिपके आणि तोंडातली जाळी ही तीन वेगळी दुखणी आहेत असंच मी समजत होते. त्यांना एकत्र पाहिलं ते पुण्याच्या स्किनच्या डॉक्टरबाईंनी, २०१९ च्या जूनमध्ये. सुनेनं जबरदस्तीनं नेलं म्हणून मी गेले. त्यांनी भिंगातून मनगट पाहिलं, तोंड पाहिलं, मग म्हणाल्या, "बाई, साडी जरा वर घ्या." नडगी बघून त्या खुर्ची ओढून खालीच बसल्या. लायकेन प्लेनस, त्या म्हणाल्या. बाहेरून आलेल्या जंतूंवर तुटून पडायचं काम शरीरातल्या ज्या पेशींचं, त्या आपल्याच कातडीच्या खालच्या थरावर तुटून पडतात, असा तो आजार. नडगीवरचा त्याचा जाड झालेला प्रकार. खात्रीसाठी त्यांनी तिथला चार मिलिमीटरचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि सोबत रक्ताच्या दोन तपासण्या लिहिल्या: हिपॅटायटिस बी आणि सी.

मी विचारलं, खाजेसाठी काविळीची तपासणी कशाला? मला कधी कावीळ झालेली नाही. त्या म्हणाल्या, हिपॅटायटिस सी असलेल्या काही लोकांत लायकेन प्लेनस होतो. जपान, इटलीसारख्या देशांत हा संबंध ठळक दिसतो, काही देशांत जवळजवळ दिसतच नाही. पण तपासणी स्वस्त आहे आणि हा आजार वीस-वीस वर्षं काही न सांगता यकृतात बसून राहतो. "रक्त कधी चढवलंय का तुम्हाला?"

चढवलं होतं. १९९५ साली धाकट्याच्या वेळी सिझर झालं, रक्तस्राव थांबेना, रात्रीतून दोन बाटल्या दिल्या. माझे भाऊ गावभर फिरून रक्त देणारा शोधत होते. त्या दोन बाटल्यांनी मी वाचले, हे मी आजही कृतज्ञतेनं म्हणते. हिपॅटायटिस सीचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तोच १९८९ साली. आपल्याकडं दात्याच्या रक्ताची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. मधल्या वर्षांत रक्त घेतलेली माझ्यासारखी किती माणसं असतील! इंजेक्शनच्या सुया उकळून पुन्हा वापरायचे तेही दिवस होते. त्यामुळं बाटलीतूनच आला असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, पण डॉक्टरबाईंना आणि मलाही तेच सर्वांत संभवनीय वाटलं.

सीची तपासणी पॉझिटिव्ह आली. ही अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेल्या प्रथिनांची तपासणी. विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला एवढंच तिच्यावरून कळतं. तो आज आहे का, हे बघायला आरएनएची, म्हणजे खुद्द विषाणूच्या जनुकीय द्रव्याची तपासणी लागते. ती केली. आकडा आला सात लाख चौऱ्याऐंशी हजार. त्या आकड्यानं माझे हातपाय गळाले. नंतर कळलं, विषाणूंचा आकडा मोठा म्हणजे यकृत तितकं खराब, असं काही नसतं. यकृत किती कडक झालंय हे फायब्रोस्कॅनवर कळतं. बरगड्यांवर यंत्राचं टोक टेकवून टकटक टिचक्या मारतात, दुखत नाही. माझं आलं ८.९. सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत वणांनी भरून पार कडक होणं, साधारण साडेबाराच्या पुढं धरतात. म्हणजे यकृत कडक व्हायला लागलं होतं, पण वेळ हातातून गेली नव्हती.

घरी हे सांगितलं तो दिवस मला नको वाटतो. शेजारच्या काकूंनी नाकात थेंब टाकून कावीळ उतरवणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण अशा उपायानं डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यासारखा वाटतो तो पाण्यातून होणाऱ्या काविळीत, जी बहुतेकदा आपोआप बरी होते. रक्तातून येणाऱ्या सी विषाणूला थेंबांनी काही होत नाही. जाऊबाईंनी माझा कप वेगळा ठेवला. काही बोलल्या नाहीत, फक्त वेगळा ठेवला. तीस वर्षं मी त्या घरात पुरणपोळ्या लाटल्या. त्या गौरीत मी स्वयंपाकघरात गेले नाही. हा विषाणू ताटातून, कपातून, मिठी मारल्यानं, एकत्र जेवल्यानं पसरत नाही. नेलकटर, ब्लेड, टूथब्रश वेगळे ठेवायचे, कारण त्यावर रक्त असू शकतं. एवढंच. यजमानांची आणि दोन्ही मुलांची तपासणी केली. तिघंही निगेटिव्ह. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी जेवले.

औषधाचा भाग मात्र मी समजत होते त्याहून फार सोपा निघाला. पूर्वी या आजाराला इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष. ताप, अंगदुखी, केस गळणं, आणि त्यानं लायकेन प्लेनस उलट वाढायचासुद्धा. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारचा हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता आणि सरकारी रुग्णालयातल्या केंद्रात मला गोळ्या फुकट मिळाल्या. सोफोसबुव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटॅस्व्हिर ६० मिलिग्रॅम, रोज एकेक, बारा आठवडे. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी नाही ना, हे त्यांनी पुन्हा पाहिलं, कारण सी मारताना दडलेला बी उसळू शकतो. मला थोडी डोकेदुखी आणि थकवा जाणवला, बाकी काही नाही. मी कॅलेंडरवर रोज रेघ मारायची, शाळेत मुलांना हजेरीची लावते तशी. ८४ रेघा जानेवारी २०२० मध्ये संपल्या.

बरी झाले की नाही, हे औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासून ठरतं. माझी तारीख एप्रिलच्या मध्यावर होती. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. तपासणी झाली ऑगस्टमध्ये. रिपोर्टवर लिहिलं होतं: विषाणू आढळला नाही. मी तो कागद देव्हाऱ्यात ठेवला.

मनगटावरचे ठिपके त्या वर्षात फिके होत गेले, तपकिरी डाग राहिले. तोंड बरंच शांत झालं. विषाणू गेला म्हणून, की डॉक्टरबाईंनी दिलेल्या मलमानं, सांगता येत नाही. त्यांनी आधीच बजावलं होतं की विषाणू गेल्यावर लायकेन प्लेनस काहींचा जातो, काहींचा तसाच राहतो. नडगीवरचा चट्टा राहिला.

आणि इथं माझी चूक झाली. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की नडगीवरचा जुना, जाड लायकेन प्लेनस क्वचित, फार क्वचित, कॅन्सरमध्ये बदलतो. दर सहा महिन्यांनी दाखवा, आणि त्यात गाठ, न भरणारी जखम किंवा रक्त येताना दिसलं तर लगेच या. पण कावीळ बरी झाली होती. माझ्या मनात सगळाच आजार संपला होता. वर कोरोना. २०२१ च्या पावसाळ्यात चट्ट्याच्या वरच्या कडेला बोराएवढा उंचवटा आला. बादली लागली की रक्त यायचं, खपली धरायची, पुन्हा निघायची. मी हळद लावली. पट्टी बांधली. दिवाळीत उंचवटा फुलकोबीच्या गड्ड्यासारखा दिसायला लागला आणि वास यायला लागला, तेव्हा यजमान म्हणाले, "अगं, तू हे कुणाला दाखवलंयस का?"

जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा तुकडा काढला. या वेळचा रिपोर्ट: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, वेल डिफरन्शिएटेड. डॉक्टरबाईंनी मला त्यातले शब्द एकेक करून समजावले. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर. 'वेल डिफरन्शिएटेड' म्हणजे पेशी अजून बऱ्याच अंशी आपल्या मूळ रूपासारख्या दिसतात, त्यातल्या त्यात कमी आक्रमक.

त्याच दिवशी मी तो प्रश्न विचारला. विषाणूनं हे केलं का?

त्यांनी कागद घेतला आणि तीन गोल काढले: यकृतातला विषाणू, कातडीचा लायकेन प्लेनस, आणि गाठ. पहिल्या गोलातून दुसऱ्याकडं त्यांनी तुटक रेघ काढली. हा संबंध काही लोकांत असतो, तुमच्यात असावा, पण सिद्ध करता येणार नाही. हिपॅटायटिस नसतानाही असंख्य लोकांना लायकेन प्लेनस होतो. दुसऱ्यातून तिसऱ्याकडं सरळ रेघ. वर्षानुवर्षं सूज, खाजवणं, जखम, पुन्हा कातडी भरणं. पेशी सतत फाटत आणि नव्यानं तयार होत राहिल्या की कधीतरी एखादी वाट चुकते. पहिल्यातून थेट तिसऱ्याकडं त्यांनी रेघच काढली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ साली हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही विषाणूंना माणसात कॅन्सर घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकलं, पण ते यकृताच्या कॅन्सरसाठी. सीचा संबंध लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरशीही धरतात. कातडीचा कॅन्सर त्या यादीत नाही. कातडीत कॅन्सर करणारे विषाणू वेगळे आहेत, २००८ मध्ये सापडलेला मर्केल पेशींचा विषाणू त्यातला एक. हिपॅटायटिसच्या रुग्णांत कातडीचे कॅन्सर जास्त दिसतात का, हे बघणारे अभ्यास आहेत, पण त्यांचा पुरावा एकसारखा नाही. असा रुग्ण डॉक्टरांकडं वारंवार जातो, त्यामुळं त्याच्या कातडीवरचं काहीही लवकर नजरेला येतं, हेही त्यात मिसळलेलं असतं.

मग त्यांनी मला दोन वाटा आणखी सांगितल्या, माझ्या नव्हत्या तरी. हिपॅटायटिसनं यकृत निकामी होऊन ज्यांचं यकृत बदलावं लागतं, त्यांना नवं यकृत टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि त्या लोकांत कातडीचा कॅन्सर खरोखरच कितीतरी पटींनी वाढतो. तिथं विषाणू नाही, औषध कारण. दुसरी आर्सेनिकची. दूषित पाण्यातून किंवा जुन्या टॉनिकांतून ते वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृतही बिघडतं आणि कातडीचा कॅन्सरही होतो. दोन्ही एकाच माणसात दिसले म्हणजे एकातून दुसरं आलं, असं नव्हे. म्हणून त्यांनी माझे तळहात-तळपाय नीट तपासले, तिथं आर्सेनिकचे खडबडीत दाणे नव्हते. विहिरीचं पाणी, लहानपणीची औषधं, सगळं विचारलं. इतक्या बारकाईनं कुणी माझं आयुष्य विचारून घेतलं नव्हतं.

तो कागद मी मागून घेतला. अजून फाईलमध्ये आहे.

शस्त्रक्रियेआधी एक प्रकार घडला तो लिहिलाच पाहिजे. ज्या रुग्णालयात ऑपरेशन ठरलं तिथं नेहमीप्रमाणे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झाली. सीची पॉझिटिव्ह आली. येणारच होती. विषाणू गेला तरी अँटिबॉडी बहुतेकांच्या रक्तात पुढं कित्येक वर्षं, अनेकदा जन्मभर राहते. पण तिथल्या माणसांनी माझ्या खाटेला लाल पट्टी लावली, मला यादीत सर्वांत शेवटी ढकललं आणि सकाळपासून उपाशी असलेल्या मला संध्याकाळी पाच वाजता सांगितलं की आज होणार नाही. एक आया माझ्या खाटेपासून दोन हात लांबून बोलत होती. मी आरएनएचा रिपोर्ट दाखवला. नर्सनं तो न वाचता परत दिला. मी रडले नाही. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली आहे, समजावून सांगायची सवय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी भूल देणारे डॉक्टर आले तेव्हा त्यांना मी फाईल उघडून क्रमानं सगळं दाखवलं: अँटिबॉडी, आरएनए, गोळ्यांच्या तारखा, नंतरचा आरएनए. त्यांनी वाचलं, माफी मागितली आणि पट्टी स्वतः काढली. हिपॅटायटिस सीमधून बरा झालेला कुणीही रुग्ण पुढं कधीतरी या प्रसंगातून जाऊ शकतो. विषाणू आढळला नाही असं सांगणारा रिपोर्ट देव्हाऱ्यातून काढून मी लॅमिनेट करून घेतला तो त्यानंतर. अँटिबॉडीचा रिपोर्ट दाखवून कुणी 'तुम्हाला अजून कावीळ आहे' म्हणालं तर तोच हातात द्यायचा.

जांघेत एक गाठ हाताला लागत होती. सुईनं तपासली, कॅन्सरच्या पेशी नव्हत्या, पायातल्या जखमेमुळं सुजलेली होती. तो रिपोर्ट यायला लागलेले तीन दिवस सर्वांत वाईट.

ऑपरेशन कमरेत भूल देऊन केलं. गाठ, तिच्याखालचा सगळा जुना चट्टा आणि सभोवती एक सेंटिमीटर चांगली कातडी काढली. उजव्या मांडीवरून पातळ कातडी सोलून तिथं लावली. पाय उशीवर उंच, पाच दिवस खाटेवरून उतरायचं नाही. मला वाटलं होतं नडगी दुखेल. दुखली ती मांडी, भाजल्यासारखी, दहा-बारा दिवस. पाचव्या दिवशी पहिलं ड्रेसिंग उघडलं तेव्हा सर्जन वाकून बघत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं. "धरलीय," ते म्हणाले. कातडी गुलाबी झाली होती.

त्याच सर्जननी ड्रेसिंग करता करता डॉ. खानोलकरांचं नाव घेतलं. टाटा मेमोरियलमधल्या या मराठी डॉक्टरांनी १९४५ साली कमरेला धोतर घट्ट बांधणाऱ्यांच्या कमरेवरच्या कॅन्सरचं वर्णन केलं होतं. पुढं साडीच्या नाडीच्या जागीही तसाच कॅन्सर डॉक्टरांनी नोंदला. कापड विषारी नव्हतं. एकाच जागी रोज, वर्षानुवर्षं घासलं गेलं, एवढंच. "तुमच्या नडगीला धोतर नव्हतं," ते म्हणाले, "पण तुमची नखं होती."

मला हे ऐकून अपराधी वाटलं आणि थोडं हलकंही. कारण माझ्या मनात तोवर त्या दोन बाटल्यांबद्दल राग साचायला लागला होता. ज्या रक्तानं मला आणि माझ्या लेकाला वाचवलं त्यानंच मला कॅन्सर दिला, असं मी रात्री स्वतःशी म्हणत होते. ते खरं नव्हतं. खरं एवढंच की त्या रक्तातून बहुधा विषाणू आला, त्यानं बहुधा माझ्या शरीराला आपल्याच कातडीविरुद्ध भडकवलं, आणि पुढची आठ वर्षं चुकीची ट्यूब, माझी नखं आणि माझं न दाखवणं यांनी ते वाढवलं. या साखळीतल्या शेवटच्या कड्या तोडता येण्यासारख्या होत्या.

काढलेल्या कातडीचा रिपोर्ट दहा दिवसांनी आला. कडा मोकळ्या, म्हणजे कापलेल्या कडांवर कॅन्सरच्या पेशी नाहीत; सर्वांत जवळची कडा गाठीपासून सहा मिलिमीटरवर. कॅन्सर मज्जातंतूंभोवती पसरलेला नाही. पुढं रेडिएशनची गरज नाही. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, आता सहा महिन्यांनी बोलावतात. जांघ चाचपतात, पाय बघतात, तोंडही बघतात, कारण तोंडातल्या लायकेन प्लेनसमधूनही शंभरात एखाद्याला पुढं कॅन्सर होऊ शकतो. यकृताची तपासणीही अधूनमधून करून घेते.

जाऊबाई ऑपरेशननंतर महिनाभर माझ्याकडं राहिल्या. ड्रेसिंग त्यांनीच केलं, हातमोजे न घालता. मी घाला म्हटलं तर रागावल्या. कपाचा विषय दोघींनीही काढला नाही.

नडगीवर आता एक खोलगट, फिकट, चकाकता तुकडा आहे. त्याला घाम येत नाही, म्हणून रोज रात्री खोबरेल तेल लावावं लागतं, नाहीतर कोरडा पडून भेगाळतो. तिथं बोटांचा स्पर्श कळत नाही आणि खाजही येत नाही. तरी मध्यरात्री जाग आली की हात जुन्या सवयीनं तिकडं जातो, आणि हाताला गुळगुळीत काहीतरी लागतं.